इथिओपियाला पहिल्यांदा जाताय? सुरुवात घड्याळापासून करा

आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे केनिया नाहीतर टांझानिया, सफारी, सिंह, झालं. इथिओपियाचं नाव काढलं की घरातले पहिला प्रश्न विचारतात "तिथे बघायला काय आहे?" आणि मी दरवेळी एकच सांगते, वेरूळचं कैलास लेणं बघून ज्याच्या अंगावर काटा आलाय त्यानं एकदा लालिबेलाची खडकात कोरलेली चर्च बघायलाच हवीत. मी दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा २०१९ च्या नोव्हेंबरात आणि नंतर २०२५ च्या जानेवारीत, आणि दोन्ही ट्रिपमध्ये देश इतका वेगळा होता की तेव्हापासून कुणी विचारलं की मी अगदी क्रमानं सांगते, तेच इथे लिहितेय.

आणि हो, नातं जुनं आहे. आपण मराठीत ज्याला हबशी म्हणतो तो शब्द तिथूनच आलाय, तिकडचे लोक आजही स्वतःला अभिमानानं "हबेशा" म्हणवतात. मलिक अंबर, ज्यानं १६१० मध्ये खडकी वसवली म्हणजे नंतरचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, तो मूळचा तिथलाच, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. खुलताबादला त्याची कबर आहे. जायच्या आधी ती बघून गेलात तर तिथल्या हरार या जुन्या तटबंदीच्या शहराच्या गल्ल्यांमधून फिरताना काहीतरी वेगळंच वाटतं, मला तरी वाटलं.

आधी ठरवा: किती दिवस आणि कधी

१० दिवसांपेक्षा कमी असतील तर अदीस सोडून दोनच ठिकाणं धरा. अदीस अबाबाचे दोन दिवस आणि लालिबेलाचे तीन, उरलेल्यात हरार. देश प्रचंड मोठा आहे आणि डोंगराळ आहे, नकाशावर दोनशे किलोमीटर दिसतात आणि रस्त्यानं अख्खा दिवस जातो. लोक ७ दिवसांत लालिबेला, गोंदर, अक्सुम, दानाकिल असं सगळं कोंबतात आणि घरी येऊन सांगतात की फक्त एअरपोर्ट आठवतात.

जून ते सप्टेंबर तिकडचा मोठा पाऊस. ऑक्टोबर ते जानेवारी सगळ्यात चांगलं, त्यातही ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस नुकताच संपलेला असतो आणि डोंगर हिरवेगार, माळावर "अदेय अबेबा" नावाची पिवळी फुलं. आपल्या सोनकीची आठवण येते अगदी. सण बघायचा असेल तर ७ जानेवारीला गेन्ना म्हणजे त्यांचा नाताळ, लालिबेलात पांढऱ्या कपड्यातल्या यात्रेकरूंचा महापूर असतो, आणि १९ जानेवारीच्या आसपास तिमकत, तो गोंदरला मोठा. पण सणाला जायचं तर हॉटेल खूप आधी बुक करावं लागतं आणि भाव चढलेले असतात हे धरून चाला.

मग पिवळ्या तापाची लस. हे अजिबात विसरू नका

हे मी सगळ्यात ठळक सांगते कारण बरेच जण व्हिसाच्या मागे लागतात आणि हे राहून जातं. इथिओपिया पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, म्हणजे तिथून भारतात परत येताना तुमच्याकडे लसीचं सर्टिफिकेट नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवून दिलेली केंद्रंच आहेत, मुंबई-पुण्यात आहेत, पण तिथे ठराविक दिवशीच देतात आणि नंबर लावावा लागतो. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. म्हणून तिकीट काढलं की दुसरं काम हेच. अंड्याची ॲलर्जी असेल, वय साठीच्या पुढे असेल, प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही लस सगळ्यांना देत नाहीत.

मलेरियाचं म्हणाल तर अदीस आणि लालिबेला उंचावर आहेत त्यामुळे तिथे तो धोका फारसा नाही, पण खालच्या गरम भागात, ओमो नदीच्या खोऱ्यात किंवा अफारमध्ये जाणार असाल तर गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच जा.

व्हिसा आणि विमान

ई-व्हिसा ऑनलाईन मिळतो, फक्त सरकारी साईटवरूनच काढा, दिसायला तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साईट आहेत आणि त्या जास्त पैसे घेतात. पासपोर्ट किमान ६ महिने व्हॅलिड हवा. मुंबईहून इथिओपियन एअरलाइन्सची थेट फ्लाईट आहे, सहा तासांच्या आत-बाहेर. देशांतर्गत फ्लाईट पण त्यांचीच असते, आणि आंतरराष्ट्रीय तिकीट त्यांच्याकडचं असलं तर आतल्या तिकिटावर सूट मिळते का ते बुक करताना जरूर विचारा.

ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय एअरपोर्टवरच काढून घेतात.

सुरक्षेचं, स्पष्टच बोलते

उत्तरेत तिग्रायमध्ये नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ असं मोठं युद्ध झालं. ते करारानं थांबलं, पण ऑगस्ट २०२३ पासून शेजारच्या अम्हारा प्रांतात सरकारी सैन्य आणि फानो नावाचे सशस्त्र गट यांच्यात लढाई पेटली, आणि लालिबेला, गोंदर, सिमियन डोंगर हे सगळं अम्हारातच येतं. मी २०१९ ला गोंदरहून जीपनं सिमियनला गेले होते, २०२५ ला ते केलं नाही. लालिबेलाला विमानानं गेले आणि विमानानंच परतले, गावाबाहेर गेले नाही. तुम्हीपण बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात असं दोन्ही वेळा परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा, अदीसमधल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा, आणि लोकल गाईडनं "आज नको" म्हटलं तर हट्ट करू नका. तिथल्या माणसांनी खूप सोसलंय, आपल्या फोटोसाठी त्यांना अडचणीत टाकायचं नाही.

पैसे

चलन बिर. २०१९ ला मी गेले तेव्हा डॉलरला ३० च्या आसपास बिर मिळायचे. जुलै २०२४ मध्ये सरकारनं बिरचा दर मोकळा सोडला आणि जानेवारी २०२५ ला मला सव्वाशेच्या आसपास मिळाले. सांगायचं कारण म्हणजे नेटवर जुन्या लेखात बिरमधले जे भाव वाचाल ते सगळे विसरून जा, काहीच जुळणार नाही. डॉलर कॅश न्या, नव्या कोऱ्या न फाटलेल्या नोटा, बँकेत बदला आणि पावती जपून ठेवा. रस्त्यावर कुणी जास्त दर देतो म्हणाला तरी नाही म्हणा, ते बेकायदा आहे. आपला रुपया तिथे चालत नाही, कार्ड मोठ्या हॉटेलात चालतं आणि बाहेर बऱ्याचदा चालत नाही. छोट्या नोटा कायम खिशात हव्यात, चर्चच्या दाराशी चपला सांभाळणारी मुलं असतात, त्यांना द्यायला लागतात.

उतरल्यावर पहिलं काम: घड्याळ समजून घ्या

इथिओपिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, इथवर सोपं आहे. पण तिथले लोक दिवस मोजतात तो सूर्योदयापासून. म्हणजे आपले सकाळचे ७ वाजले की त्यांचा १ वाजतो. आपले दुपारचे १२ म्हणजे त्यांचे ६. संध्याकाळी ७ ला परत रात्रीचा १. विषुववृत्ताच्या जवळ असल्यानं वर्षभर सूर्य साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे त्यांना ते अगदी सोयीचं पडतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या आजीच्या घटका-प्रहराच्या हिशेबाची सवय असेल तर आपल्यालाही पटतं.

दिरे दावाला आम्हाला एका ड्रायव्हरनं सांगितलं, उद्या एक वाजता. आम्ही दुपारी जेवून खाली उतरलो. तो बिचारा सकाळी सातपासून हॉटेलच्या दारात येऊन उभा, दोन तास वाट बघून दुसऱ्या भाड्याला गेलेला. दोघांचाही दिवस वाया गेला. तेव्हापासून मी प्रत्येक वेळ ठरवताना विचारते, हबेशा टाईम की फेरेंजी टाईम? फेरेंजी म्हणजे परदेशी. विमानाची तिकिटं आपल्या घड्याळानुसार असतात, बसचं आणि माणसांचं मात्र विचारून घ्यायचंच.

कॅलेंडरपण वेगळं. १२ महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा महिना "पागुमे" ५ किंवा ६ दिवसांचा. नवीन वर्ष ११ सप्टेंबरला, आणि वर्ष आपल्यापेक्षा सात-आठ मागे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं २०१८ सुरू झालं. बिलावर किंवा तिकिटावर हाताने लिहिलेली तारीख बघून दचकू नका.

सिमकार्ड एअरपोर्टवरच घ्या, इथिओ टेलिकॉम किंवा सफारीकॉम, पासपोर्ट लागतो. प्लग गोल दोन पिनांचे, ॲडॉप्टर न्या.

अदीसचे दोन दिवस

पहिला दिवस हळू घ्या. अदीस साधारण २,३५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सातशे मीटर उंच. जिना चढताना दम लागतो, डोकं जड होतं, पाणी जास्त प्या. पाणी सीलबंद बाटलीतलंच, "अंबो" मागितलंत तर सोड्यासारखं फसफसणारं मिळेल, साधं हवं असेल तर साधं म्हणून सांगा. संध्याकाळी स्वेटर लागतोच, आफ्रिका म्हणून फक्त कॉटनचे कपडे घेऊन आलेली मंडळी मी कुडकुडताना बघितलीत.

नॅशनल म्युझियम चुकवू नका. १९७४ मध्ये हदार इथे सापडलेली ल्युसी, म्हणजे माणसाच्या पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा, तिथे आहे, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिथले लोक तिला "दिनकिनेश" म्हणतात, म्हणजे तू अद्भुत आहेस. मांडलेली हाडं म्हणजे मूळ हाडांची प्रतिकृती, जेमतेम टेबलभर, काचेच्या पेटीत, पण तिच्यासमोर उभं राहिलं की माणूस आपोआप गप्प होतो. आमच्या बाजूला शाळेची सहल आली होती, ती पन्नास पोरं सुद्धा गप्प झाली.

शहरात फिरायला राइड किंवा फेरेस ही ॲप वापरा, भावाची घासाघीस वाचते. मर्काटो बाजारात गाईड घेऊनच जा, गर्दी भयंकर असते आणि खिसे कापले जातात.

खायचं काय, विशेषतः शाकाहारी असाल तर

हा भाग मला सगळ्यात आवडतो. आपल्याला वाटतं आफ्रिकेत शाकाहारी माणसाचे हाल होणार, आणि इथिओपियात उलटंच होतं, कारण तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, शिवाय ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस. आणि त्यांच्या उपवासात मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. म्हणजे हॉटेलात तयार शाकाहारी जेवण असतंच. शब्द लक्षात ठेवा, "त्सोम" म्हणजे उपवास, "बेयाइनेतू" म्हणजे सगळं थोडं-थोडं. "त्सोम बेयाइनेतू" मागितलं की मोठ्या थाळीएवढा इंजेरा येतो आणि त्यावर मसूर, वाटाण्याची डाळ, पालेभाजी, बीट, कोबी-बटाटा असे छोटे-छोटे ढीग.

इंजेरा म्हणजे काय तर आपली आंबोळी मोठी करा, आणखी आंबट करा, पातळ करा. टेफ नावाच्या धान्याचा, जे नाचणीपेक्षाही कितीतरी बारीक असतं, पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि एकाच बाजूनं भाजतात, वर जाळी पडते. त्या भोकांना ते इंजेराचे डोळे म्हणतात. पहिल्या घासाला आंबटपणा अंगावर येतो, तिसऱ्या दिवशी त्याशिवाय जेवण जेवण वाटत नाही. शिरो मागवा, नाव ऐकून गोड समजू नका, ते म्हणजे चक्क आपलं पिठलं, फक्त बेरबेरे मसाल्याचं, मातीच्या भांड्यात रटरटत येतं.

आता सावध कुठे राहायचं ते. "बोझेना शिरो" मध्ये मांस असतं. उपवास नसलेल्या दिवशी भाजीत मसाल्याचं तूप असू शकतं, व्हीगन असाल तर विचारा. उपवासाच्या थाळीत काही ठिकाणी मासा देतात, तोपण विचारा. कांदा-लसूण भरपूर, त्यामुळे जैन मंडळींनी घरून खाकरे-ठेपले न्यावेतच. "सिगा अल्बेलाम" म्हणजे मी मांस खात नाही, हे एक वाक्य पाठ करा. मांसाहारी असाल तर "कित्फो" मिळतं, पण तो कच्चा खिमा असतो आणि गोमांसाचा, मागवण्याआधी माहीत असू द्या.

सगळे एकाच थाळीत, उजव्या हातानं जेवतात. कुणीतरी घास करून तुमच्या तोंडात भरवेल, त्याला "गुर्शा" म्हणतात, मायेची खूण असते, नाही म्हणू नका.

कॉफी म्हणजे "बुन्ना". कॉफीचं मूळच हा देश. पण ती घाईत प्यायची नसते. लालिबेलात आम्ही राहिलो त्या घरच्या ताईंनी आधी जमिनीवर हिरवं गवत पसरलं, शेगडीवर हिरव्या बिया तव्यात परतायला घेतल्या, बिया तडतडायला लागल्या तसा धूर प्रत्येकाच्या नाकाशी आणून फिरवला, मग खलबत्त्यात कुटून काळ्या मातीच्या "जबेना"त उकळली. बाजूला धूप आणि पॉपकॉर्न. कप तीन होतात, पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बेरेका, म्हणजे आशीर्वाद. दर कपाला कॉफी फिकी होत जाते आणि गप्पा वाढत जातात. दुसऱ्या कपानंतर उठू नका, तास-दीड तास हाताशी ठेवूनच बसा.

लालिबेला: दोन वेळा बघा

एकसंध खडकात कोरलेली ११ चर्च, बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या सुरुवातीला राजा लालिबेलाच्या काळातली असं मानतात, १९७८ पासून जागतिक वारसा यादीत. वेरूळचं कैलास त्याच्या साधारण चार-साडेचारशे वर्षं आधीचं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण युक्ती तीच, वरून खाली कोरत यायचं, चुकलं तर दुरुस्ती नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी उत्तरेकडचा गट आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दक्षिण-पूर्वेचा गट असं करा. तिकीट एकदाच काढायचं, ते एका दिवसापुरतं नसतं, जपून ठेवा. गाईड ऑफिसातूनच घ्या. आत जाताना चपला काढायच्या, सतरंज्यांमध्ये पिसवा असतात म्हणून जाड मोजे घाला आणि पायाला औषध लावून जा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मी तिथलीच पांढरी "नेतेला" शाल विकत घेतली. बोगदे आहेत, एक तर ठार अंधाराचा, टॉर्च हवाच.

बेते गियोर्गिस शेवटी ठेवा. माळावरून चालत जाता, काहीच दिसत नाही, आणि एकदम पायाशी जमीन संपते आणि खाली खड्ड्यात क्रॉसच्या आकाराचं अख्खं देऊळ, माथ्यावर एकात एक कोरलेले तीन क्रॉस. लालसर खडकावर पिवळं शेवाळ. कठडा नाहीये, मुलांचा हात धरा. मी पहाटे गेले तेव्हा खालून गीझ भाषेतले मंत्र ऐकू येत होते आणि एक म्हातारी भिंतीला कपाळ टेकून उभी होती, बराच वेळ, आपल्याकडे नामदेव पायरीशी टेकतात ना तसंच. फोटो काढावासा वाटला नाही. प्रार्थना चालू असताना विचारल्याशिवाय कॅमेरा काढूच नका.

सिमियन, हरार आणि बाकी

सिमियनबद्दल सह्याद्री फिरणाऱ्यांनी वाचावं. हे कडे पण आपल्यासारखेच लाव्ह्याचे थर साचून झालेत, आपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तिकडचे सुमारे तीन कोटी. म्हणून हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघितलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं, फक्त उंची दुप्पट-तिप्पट, रास दाशेन शिखर ४,५०० मीटरच्या वर. गेलाडा माकडांचे कळप गवतावर बसून दोन्ही हातांनी पातं-पातं खुडत असतात, शेकडो, आणि वारा थांबला की ते खुडण्याचा आवाज ऐकू येतो. जवळ बसलं तरी उठत नाहीत. तिथे बंदूकधारी स्काऊट सोबत घ्यावाच लागतो. परिस्थिती निवळलेली असेल तरच जा, चेनेक कॅम्पला रात्री पाणी गोठतं इतकी थंडी असते.

हरारला अदीसहून दिरे दावापर्यंत विमान आणि पुढे तासाभराचा रस्ता. तटबंदीच्या आत ८२ मशिदी, रंगीत भिंतींच्या बोळी, आणि रात्री तटाबाहेर तरसांना हातानं मांस भरवतात ते. बघायला जाल तर फ्लॅश बंद.

अक्सुमचा तो प्रसिद्ध स्तंभ इटलीनं १९३७ मध्ये उचलून रोमला नेला होता, २००५ मध्ये परत मिळाला आणि २००८ मध्ये उभा केला, तिथल्या लोकांचा त्याच्यावर फार जीव आहे. पण अक्सुम तिग्रायमध्ये आहे, पहिल्या ट्रिपला नको. दानाकिलपण नको, समुद्रसपाटीपेक्षा शंभर मीटरहून खोल, भाजून काढणारी गरमी आणि ज्वालामुखी जिवंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच अफार भागातला हायली गुब्बी फुटला तेव्हा राख थेट भारतापर्यंत आली आणि आपल्याकडच्या फ्लाईट कॅन्सल झाल्या, आठवत असेल.

परत येताना

शेवटची संध्याकाळ अदीसमध्ये मोकळी ठेवा, आतली फ्लाईट उशिरा झाली तर गाठीला दिवस हवा, त्यामुळे लालिबेलाहून त्याच दिवशी मुंबईची फ्लाईट जोडू नका. कॉफी टोमोकामधून घ्या, १९५३ पासूनचं दुकान आहे, उभ्यानं एक कप प्या आणि बिया पॅक करून मागा. उरलेले बिर तिथेच संपवा, इथे कुणी बदलून देत नाही. आणि ते पिवळं लसीचं कार्ड चेक-इन बॅगेत टाकू नका, पासपोर्टमध्येच ठेवा, कारण मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी हेल्थ काऊंटरवर तेच मागतात.